संदर्भानुरूप जाहिरात आणि लेखकाची मिळकत

भुशीच्या धरणावर पावसाळ्यात जो एकदा भिजून आला आहे, त्याला जाहिरातीचे अर्धे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. लोणावळ्याहून भुशीकडे जाणाऱ्या वाटेवर निखाऱ्यांवर कणसे भाजणारा आणि चहाची किटली तापत ठेवणारा विक्रेता आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आपले नाव विचारीत नाही. आपण कोठून आलो, घरात माणसे किती, गेल्या महिन्यात काय खरेदी केली, याची त्याला चौकशी नसते. तो जागा पाहतो आणि वेळ पाहतो. या वाटेने परतणारा माणूस ओलाचिंब असणार, त्याला थंडी वाजत असणार, आणि काहीतरी गरम हवे असणार, एवढे ज्ञान त्याच्या धंद्याला पुरते.

आता अशी कल्पना करा, की एखादा दुसरा विक्रेता आपल्या मागोमाग पुण्यापर्यंत आला, आपण कोणकोणत्या दुकानांत शिरलो याची टाचणे त्याने ठेवली, आणि चार दिवसांनी आपण ऑफिसात बसलो असता खिडकीतून हात घालून तो म्हणाला, "परवा आपण कणीस घेतले नाहीत, आता घ्या." पहिल्या विक्रेत्याचे आपण स्वागत करतो, दुसऱ्याला हाकलून देऊ. इंटरनेटवरील जाहिरातीचे जे दोन मोठे प्रकार आहेत, ते याच दोन विक्रेत्यांसारखे आहेत. माणसाचा माग काढून दाखविलेली जाहिरात हा एक प्रकार; आणि जे पान माणूस वाचीत आहे, त्या पानाचा विषय पाहून शेजारी मांडलेली जाहिरात हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारास आम्ही येथे संदर्भानुरूप जाहिरात म्हणणार आहोत. आपल्या गावाविषयी, आपल्या भाषेत, आपल्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्या माणसाला तिच्यापासून मिळकत कशी होते, किती होते, आणि त्या मिळकतीपायी काय गमावण्याचा धोका असतो, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेखनाच्या शेजारी जाहिरात ठेवून लेखनाचा खर्च भागविणे ही काही यंत्रयुगाने आणलेली नवी गोष्ट नव्हे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली, आणि पुढे या अंकांचा संसार बव्हंशी जाहिरातींवरच चालत आला. विषय आणि जाहिरात यांची सांगड घालण्याचे आणखी ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. तेथील कारखाना लोखंडी नांगर करीत असे. शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. माल कोणाला हवा, तो माणूस काय वाचील, आणि त्या वाचनाच्या शेजारी आपल्या मालाची ओळख कशी ठेवावी, हा विचार त्यामागे होता. पुढे ते महाराष्ट्रातील एक मान्यवर मासिक झाले, याचे कारण मात्र नांगर नव्हता. वाचकाला त्यातील मजकूर हवासा वाटला, हे होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. शेवटी आपल्याला याच मुद्द्याकडे परत यावयाचे आहे.

मग नवे काय झाले? नवे एवढेच, की पूर्वी जाहिरात मिळविण्यासाठी संपादकाला दुकानांचे उंबरठे झिजवावे लागत. आता ते काम यंत्र करते. १९९८ साली अमेरिकेतील गोटू डॉट कॉम या कंपनीने शोधाच्या शब्दांवर लिलावाने जाहिराती विकण्याची रीत आणली. २००० साली गूगलने आपली जाहिरात योजना सुरू केली. तोपर्यंत या जाहिराती मुख्यतः शोधाच्या पानावर दिसत. २००३ साली गूगलने अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी विकत घेतली. पानावरील मजकूर वाचून त्याचा विषय ओळखणे ही त्या कंपनीची विद्या होती. त्याच वर्षी 'अ‍ॅडसेन्स' या नावाने कोणाही लहानमोठ्या संकेतस्थळाला अशा जाहिराती मिळू लागल्या. या धंद्यात मुंबईचाही हात आहे. दिव्यांक तुरखिया यांची मीडिया डॉट नेट ही कंपनी संदर्भानुरूप जाहिरातींचेच काम करीत मोठी झाली, आणि २०१६ साली सुमारे ९० कोटी डॉलरना चिनी गुंतवणूकदारांच्या एका समूहाने ती घेतली. यावरून या साध्या दिसणाऱ्या कल्पनेत केवढा पैसा आहे याचा अंदाज येईल.

यंत्राचे काम कसे चालते ते पाहू. समजा, आपण 'भुशी धरणाला एक दिवस' असा लेख लिहिला. जाहिरातींसाठी आपण नाव नोंदविले, म्हणजे जाहिरात कंपनी आपल्याला काही ओळींची एक सांकेतिक चिठ्ठी देते. ती आपल्या पानात ठेवावयाची. मग यंत्र ते पान वाचते. कोणते शब्द वारंवार आले, मथळ्यात काय आहे, कोणते शब्द एकमेकांजवळ आले आहेत, यावरून ते ठरविते की हे पान प्रवासाविषयी आहे, पावसाळ्याविषयी आहे, लोणावळ्याविषयी आहे. एखादा वाचक पान उघडतो, त्या क्षणी लिलाव होतो. हॉटेलवाला, रेनकोटवाला, मोटार भाड्याने देणारा, बूट विकणारा, असे अनेक जण आपापली बोली आधीच सांगून बसलेले असतात. मासळीबाजारात जसा आरडाओरडा होतो तसा येथे होत नाही. पापणी लवण्याच्या आत लिलाव संपतो आणि ज्याची बोली सरस ठरली त्याची जाहिरात पानावर येते.

मराठी लेखकाला या बाजारात जागा मात्र उशिरा मिळाली. परदेशी व देशी मराठी माणसांना एकत्र आणणारे 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ पासून चालत आले आहे; म्हणजे मराठी मजकुराचा तुटवडा होता असे नव्हे. तरी अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ साली आणि मराठीला २०१८ साली आपल्या भाषांच्या यादीत घेतले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या भाषेचे बोलणारे ८ कोटी ३० लाख आहेत, तिची ही कथा. त्या काळात लोणावळ्याविषयी लिहून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्याने इंग्रजीत लिहावे, हाच व्यवहारी सल्ला होता.

यात केवळ उपेक्षा नव्हती. भाषेची अडचणही खरी होती. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कोठेही आले तरी तसेच राहते. मराठीत 'लोणावळा' हे 'लोणावळ्याला', 'लोणावळ्यात', 'लोणावळ्याहून', 'लोणावळ्याच्या' अशी निरनिराळी रूपे घेते. ही सगळी एकाच गावाची नावे आहेत हे लहान मुलाला कळते, यंत्राला शिकवावे लागते. त्यातून 'घाट' घ्या. बोरघाट निराळा, नदीचा घाट निराळा, आणि कादंबरीचा घाट त्याहून निराळा. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे पट्टी, आणि 'कर' म्हणजे आज्ञाही. कवितेच्या घाटाविषयी लिहिलेल्या लेखाशेजारी घाटातल्या हॉटेलाची जाहिरात आली, तर हसू येते. पण त्यात लेखकाचा तोटाही असतो, कारण तो वाचक त्या हॉटेलाचे गिऱ्हाईक नसतो.

आता मिळकतीकडे वळू. कारण मंडळींच्या मनात हाच प्रश्न आहे. पैशाची वाटणी कशी होते? गूगलने २०१० साली प्रथम जाहीर केले, की मजकुराशेजारच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील ६८ टक्के भाग संकेतस्थळाच्या मालकास मिळतो. २०२३ च्या अखेरीस ही वाटणी दोन पायऱ्यांत सांगण्यात आली. जाहिरातदाराने १०० रुपये दिले, तर त्याच्या बाजूने खरेदी करणारी यंत्रणा सरासरी १५ रुपये ठेवते. उरलेल्या ८५ रुपयांपैकी ८० टक्के, म्हणजे ६८ रुपये, लेखकाकडे येतात. सूत्र बदलले, पण रक्कम बहुधा तीच राहिली. त्याच वेळी दुसराही बदल झाला. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर टिचकी मारली तरच मुख्यतः पैसे मिळत. २०२४ च्या आरंभापासून जाहिरात किती वेळा दाखविली गेली, या हिशेबावर ते मिळू लागले.

आपण एक हिशेब करून पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. त्यांस कोणी भविष्य समजू नये. समजा, पान हजार वेळा उघडले गेले म्हणजे लेखकाला ५० रुपये मिळतात. खात्यात १०० डॉलर जमल्याखेरीज पैसे हाती येत नाहीत. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ही रक्कम ९,००० रुपये होते. म्हणजे पहिली हुंडी हाती पडावयास पान १,८०,००० वेळा उघडले गेले पाहिजे. रोज ५०० वाचक येत असतील तर त्याला ३६० दिवस लागतील. एक वर्ष! ज्याने ऐकले आहे की संकेतस्थळ काढले की घरबसल्या पैसा सुरू होतो, त्याने हा भागाकार स्वतःच्या हाताने करून पाहावा.

शिवाय भाव सर्वत्र सारखा नसतो. लिलावात बोली लावणारे जितके अधिक, तितका भाव चढतो. कर्ज, विमा, शिक्षण या विषयांवर बोली लावणारे पुष्कळ; ओव्या, पालेभाज्या आणि गावच्या जत्रा यांवर थोडे. इंग्रजी पानावर बोली लावणारे जगभर; मराठी पानावर मुख्यतः महाराष्ट्रात माल विकू पाहणारे. म्हणून सर्वसाधारणपणे मराठी पानाचा भाव कमी राहतो. आणि भुशीसारख्या विषयाला हंगामही असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शोधणाऱ्यांची झुंबड, आणि मार्च-एप्रिलात, धरणाच्या पायऱ्या कोरड्या असताना, पान ओस. कणीसवाल्याप्रमाणे या लेखकालाही चार महिन्यांत बारा महिन्यांची बेगमी करावी लागते.

तरीही हा व्यवसाय करण्यासारखा आहे, असे आमचे मत आहे; मात्र त्याचे काही नियम पाळले पाहिजेत. पहिला नियम, मजकूर स्वतःचा असावा. दुसऱ्याचे उचलून मांडणाऱ्याला जाहिरात कंपनी उभे करीत नाही, आणि कायद्यानेही तो चोर ठरतो. दुसरा, आपल्याच जाहिरातीवर आपण, आपल्या भाच्याने किंवा मित्रमंडळींनी टिचक्या मारावयाच्या नाहीत. कंपनीच्या नियमांत ही लबाडी आहे, आणि ती पकडली गेली की खाते बंद होते व साठलेली रक्कमही जाते. तिसरा, जाहिरात ही जाहिरात म्हणूनच दिसली पाहिजे. 'अधिक माहिती येथे पाहा' असे लिहून वाचकाचे बोट जाहिरातीवर नेणे हे नियमाविरुद्धही आहे आणि सभ्यतेविरुद्धही. चौथा, ही मिळकत प्राप्तिकराच्या हिशेबात दाखवावी लागते. आणि पाचवा, खात्यात १० डॉलर जमले की कंपनी पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक आकडा पाठविते. म्हणून नाव व पत्ता बँकेतल्याप्रमाणे बिनचूक द्यावा.

येथवर व्यवहार झाला. परंतु आम्हाला जे मुख्यतः सांगावयाचे आहे, ते याच्या पुढचे आहे.

यंत्र शब्द वाचते. त्या शब्दांमागचे सुखदुःख त्याला पुरते वाचता येत नाही. २००३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर एका खुनाची बातमी होती. मृतदेहाचे तुकडे करून ते प्रवासी बॅगेत भरले होते. बातमीच्या शेजारी यंत्राने जाहिरात मांडली ती प्रवासी बॅगांची. त्यानंतर यंत्रे सुधारली, शोकाच्या बातम्या ओळखून जाहिराती बाजूला ठेवू लागली. पण प्रत्येक वेळी ती ओळखतीलच याची हमी कोण देणार?

हा प्रश्न आपल्या दाराशीही येतो. रविवार, ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात वर्षासहलीला आलेले पुण्याचे एक कुटुंब अडकले. पाण्याचा लोंढा एकाएकी वाढला आणि पाच जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळातील पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. आपल्या भागात राहणाऱ्यांना ठाऊक आहे, की वर डोंगरात सर कोसळली तर खालच्या ओढ्याला तिची वर्दी पाण्यानेच मिळते. उभ्या माणसाला विचार करावयास मिनिटही राहत नाही. आता विचार करा. 'भुशी', 'धबधबा', 'पाऊस', 'कुटुंब', 'सहल' हे शब्द आनंदाच्या लेखातही येतात आणि त्या दुर्घटनेच्या वृत्तांतही येतात. यंत्राच्या तराजूत दोन्ही पाने जवळजवळ सारखीच भरू शकतात.

म्हणून या धंद्यातला खरा मोह जाहिरातीत नाही, तो लेखनात आहे. लेखक हिशेब करू लागतो, की 'लोकांना न सांगितलेला भुशीमागचा धबधबा' असा मथळा दिला तर पान दहा हजार लोक उघडतील. आणि 'भुशीला केव्हा जाऊ नये' असा दिला तर हजारच उघडतील. पहिल्यात पाचशे रुपये, दुसऱ्यात पन्नास. मधले साडेचारशे रुपये कोठून आले? ज्या वाचकाने आपल्या शब्दावर विश्वास ठेवून मुलाबाळांसह पाण्यात पाय टाकला, त्याच्या खिशातून ते आले आहेत. आणि कधीकाळी त्याची किंमत रुपयांत मोजता येणार नाही. जाहिरातदाराला वाचक हवा असतो, यंत्राला शब्द हवे असतात. वाचक सुखरूप घरी परतावा ही काळजी त्या दोघांच्या हिशेबात कोठेच नाही. ती एकट्या लेखकाने वाहावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल, की असे लिहून पोट कसे भरावे? याचे उत्तरही व्यवहाराचेच आहे. संकेतस्थळाच्या मालकाला कोणत्या वर्गाच्या जाहिराती नकोत हे ठरविण्याचा आणि एखाद्या पानावर जाहिरातच न ठेवण्याचा अधिकार असतो; तो त्याने वापरावा. धोक्याची सूचना सांगणारे पान बिनजाहिरातीचे ठेवावे. त्या पानाने रुपया मिळणार नाही, पण वाचक पुढच्या वर्षी निघण्यापूर्वी पुन्हा आपल्याचकडे येईल. मथळ्याला फसून आलेला वाचक एकदा येतो. भरवशाने आलेला दरवर्षी येतो, आणि चार माणसांना सांगतो. हजाराला पन्नास रुपये या भावात दुसऱ्याचाच हिशेब शेवटी पुरतो.

दुसरी गोष्ट, सगळी मिळकत एकाच सावकाराच्या हाती ठेवू नये. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील एका संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की जाहिरातींच्या यंत्रणेतील काही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली. एवढ्या मोठ्या पेढीपुढे भुशीच्या लेखकाने भाव करावा तो कसा? शिवाय २०२४ पासून शोधाच्या पानावरच यंत्राने रचलेले उत्तर दिसू लागले आहे. 'भुशी धरण कोठे आहे' एवढेच ज्याला हवे, तो उत्तर वाचून तेथूनच परततो; लेखकाच्या पानापर्यंत येत नाही, आणि आला नाही तर जाहिरातही दिसत नाही. जी माहिती कोणीही सांगू शकतो तिचा भाव यापुढे उतरत जाणार. धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले, हे यंत्र सांगेल. पण काल रात्री डोंगरात किती कोसळला, आज रस्ता कोठपर्यंत खुला आहे, कोणत्या खडकावर शेवाळ धरले आहे, हे गावातल्या माणसाखेरीज कोण सांगणार? आपल्या लेखनाचे मोल तेथे आहे.

म्हणून जुन्या दिवाळी अंकवाल्यांची वाट सोडू नये. गावचा चिक्कीवाला, घरगुती खोल्या देणारा, वाटाड्या यांच्याकडून थेट जाहिरात घ्यावी. १०० रुपयांतले ३२ मधल्यांकडे जात नाहीत, आणि ज्याची जाहिरात घेतो त्याचा माल आपण जाणतो. मात्र तेथेही 'जाहिरात' हा शब्द वर स्पष्ट छापावा, आणि पैसे दिले म्हणून वाईट खोलीला चांगली म्हणू नये.

वाटेवरच्या कणीसवाल्याचे एक शहाणपण सांगून आम्ही हे पुरे करतो. त्याचा धंदा गर्दीवर आहे. तरी पाणी चढलेले दिसले की "साहेब, आज पुढे जाऊ नका" असे म्हणणारा विक्रेता असतो. त्या दिवशी त्याची चार कणसे कमी खपतात. पण त्याने ज्याला परत पाठविले, तो माणूस पुढच्या पावसाळ्यात जिवंत असतो, आणि कणीस घ्यावयाला त्याच्याकडेच येतो. संकेतस्थळावर दुकान मांडणाऱ्याने एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.